ढगांआडच्या भूमीची मोजणी

दिल्लीच्या पौषातले धुके ज्यांनी अनुभवलेले नाही, त्यांना त्याची कल्पना शब्दांनी देणे कठीण आहे. २०२३ च्या जानेवारीतली गोष्ट. सरोजिनी नगरातील आमच्या सरकारी क्वार्टरसमोर एक चौकोनी बाग होती आणि बागेच्या पलीकडे दुमजली क्वार्टरांची एक ओळ होती. त्या दिवशी सकाळी दार उघडले, तो बाग नाही, ओळ नाही, बागेतला कडुनिंबही नाही. सारे पांढरे. रिंग रेल्वेच्या गाडीची शिट्टी ऐकू आली, पण ती कोणत्या अंगाने आली ते कळेना. भाजीवाल्याची आरोळी अगदी फाटकाशी आली, तेव्हा कुठे त्याची हातगाडी दिसली.

माझे सासरे त्या दिवसांत आमच्याकडे राहावयास आले होते. त्यांना आम्ही मामंजी म्हणतो. त्यांचे वय ऐंशीच्या घरात आहे. गाव हिंगणघाट; आणि सारी नोकरी वर्धा जिल्ह्यात, भूमि अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून झालेली. साखळी, शंकू, झेंडे आणि मोजणीची वही ह्यांच्या संगतीत त्यांनी पस्तीस वर्षे काढली. आमची थोरली मुलगी तेव्हा नववीत होती. तिने चहा पिता पिता विचारले, "आजोबा, अशा धुक्यात तुम्ही मोजणी कशी केली असती?"

"केलीच नसती. झेंडा दिसल्यावाचून मोजणी होत नाही, पोरी," मामंजी म्हणाले. मग थोडा वेळ ते गप्प बसले, उठून व्हरांड्यात गेले आणि त्यांनी एकदाच जोराने टाळी वाजविली. क्षणभराने ती टाळी धुक्यातून परत आली. "समोरची भिंत आहे तिथेच आहे," ते हसून म्हणाले. "दिसत नाही एवढेच."

ऊन पडल्यावर आजोबा-नातीने ती बाग पावलांनी मोजली. ती भरली सुमारे चाळीस मीटर. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. जाऊन येऊन ऐंशी मीटर, म्हणजे टाळी परत यावयास पाव सेकंदाहून किंचित कमी वेळ लागला असला पाहिजे. जे दिसत नाही त्याचे अंतर प्रतिध्वनीवरून काढता येते, ही गोष्ट थोरलीच्या मनात त्या दिवशी पक्की बसली. ह्या महिन्याचा आपला विषयही तोच आहे. फरक इतकाच की येथे धुके एका सबंध ग्रहावर पसरलेले आहे, टाळी रेडिओ-लहरींची आहे, आणि ती वाजविणारा त्या ग्रहाभोवती फिरत आहे.

सुंदर, पण पडद्याआड

शुक्राची चांदणी ओळखत नाही असा मराठी माणूस विरळा. सूर्यास्तानंतर पश्चिमेस किंवा सूर्योदयापूर्वी पूर्वेस, सूर्यापासून फार दूर न जाणारा, चंद्राच्या खालोखाल तेजस्वी दिसणारा तो ग्रह. आकाराने तो पृथ्वीचे जुळे भावंडच म्हणावा. पृथ्वीचा व्यास १२,७५६ किलोमीटर, तर शुक्राचा १२,१०४. हे साम्य पाहून मागच्या पिढ्यांतील कित्येक विद्वानांनी तेथे घनदाट अरण्ये कल्पिली, तर काहींनी समुद्र. कल्पनेला आडकाठी करील असे काही दिसतच नव्हते, कारण शुक्राभोवती ढगांचे अखंड आवरण आहे. ते एका दिवसासाठीही फाटत नाही. उत्तमांतल्या उत्तम दुर्बिणीलाही त्या पडद्याची वरची बाजूच दिसते.

सत्य समजले तेव्हा अरण्ये आणि समुद्र दोन्ही मावळले. ते ढग गंधकाम्लाचे आहेत. त्यांच्याखालचे वातावरण बहुतांशी कार्बन डायऑक्साइडचे असून त्याचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या सुमारे ९२ पट आहे. भूमीचे तापमान ४६० अंश सेल्सियसच्या वर, म्हणजे शिसे वितळून जाईल इतके. तेथे उतरलेली सोव्हिएत याने फार तर एक-दोन तास टिकली. अशा जागी साखळी घेऊन कोणी मोजणीदार जाणार कसा? मोजणी व्हावयाची तर ती वरूनच, आणि ढगांतून आरपार जाणाऱ्या लहरींनीच व्हावयास हवी.

प्रकाशाच्या लहरी अतिशय आखूड असल्यामुळे ढगांतील बारीक थेंबांवर त्या विखुरतात. काही सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ-लहरींना ते थेंब जाणवतही नाहीत. त्या ढगांतून खाली जातात, भूमीवर आपटतात आणि त्यांचा काही अंश आल्या वाटेने परत येतो. विमानतळावर धुक्यातही विमानाचा ठाव घेणारे रडार ह्याच तत्त्वावर चालते.

१९६१ मध्ये पृथ्वीवरून शुक्रावर पाठविलेल्या रडार-लहरींचे प्रतिध्वनी प्रथम खात्रीलायकपणे पकडण्यात आले. पुढल्या वर्षी त्यांच्या अभ्यासातून एक नवल उघड झाले. शुक्र स्वतःभोवती उलट दिशेने फिरतो, आणि तेही इतक्या संथपणे की एका फेरीला पृथ्वीचे २४३ दिवस लागतात. पण पृथ्वीवरून वाजविलेली टाळी फार दुरून वाजविलेली. तिने डोंगरांचे काही अंधुक ठिपके दाखविले. गल्लीबोळ दिसावयाचे तर टाळी जवळ जाऊनच वाजवावयास हवी होती.

१९७८ साली शुक्राभोवती फिरू लागलेल्या अमेरिकेच्या 'पायोनियर व्हीनस' यानाने बहुतेक सगळ्या ग्रहाच्या उंचसखलपणाचा एक ढोबळ आराखडा तयार केला. १९८३ मध्ये सोव्हिएत संघाच्या 'व्हेनेरा १५' व 'व्हेनेरा १६' ह्या जोडीने उत्तरेकडील सुमारे चतुर्थांश भाग पुष्कळ बारकाईने चितारला. आणि ४ मे १९८९ रोजी 'अटलांटिस' ह्या अंतराळयानाच्या पोटातून 'मॅगेलन' निघाले. पृथ्वीप्रदक्षिणेच्या मोहिमेचा नायक असलेल्या पोर्तुगीज दर्यावर्दीचे नाव त्याला दिलेले होते.

उरलेल्या सामानातून

गृहिणींना आवडावी अशी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. मॅगेलन हे पुष्कळसे दुसऱ्या यानांच्या उरलेल्या व शिलकीच्या सामानातून बांधलेले होते. त्याची ३.७ मीटर व्यासाची मोठी थाळीसारखी अँटेना मूळची 'व्हॉयेजर' यानांसाठी तयार केलेली आणि शिल्लक राहिलेली. जुन्या लुगड्याची गोधडी करणाऱ्या आमच्या आजीने ह्या काटकसरीला मनापासून दाद दिली असती.

१० ऑगस्ट १९९० रोजी यान शुक्रापाशी पोहोचले. त्याच महिन्यात दोन वेळा त्याच्याशी असलेला संपर्क कित्येक तास तुटला आणि पृथ्वीवरच्या मंडळींच्या तोंडचे पाणी पळाले. पण दोन्ही वेळा तो पुन्हा जुळला, आणि १५ सप्टेंबरपासून नियमित मोजणी सुरू झाली.

मोजणीची तऱ्हा अशी. यान सव्वातीन तासांत शुक्राला एक फेरी घाली, ध्रुवावरून ध्रुवाकडे. फेरीचा मार्ग लांबट असल्यामुळे एकदा ते भूमीपासून ३०० किलोमीटरच्या आत येई आणि एकदा साडेआठ हजार किलोमीटरपर्यंत दूर जाई. जवळ असताना सुमारे ३७ मिनिटे अँटेना भूमीकडे वळलेली असे. तेवढ्यात वीस-पंचवीस किलोमीटर रुंद आणि सुमारे सोळा हजार किलोमीटर लांब अशी एक पट्टी टिपली जाई. मग यान सबंध वळून तीच अँटेना पृथ्वीकडे रोखी आणि टिपलेले सारे पाठवून देई. एकाच थाळीने बघावयाचे आणि सांगावयाचेही! तेवढ्या वेळात खाली शुक्र आपल्या संथ चालीने वीसएक किलोमीटर सरकलेला असे, म्हणजे पुढची पट्टी बरोबर मागच्या पट्टीच्या शेजारी येई. अशा सुमारे अठराशे पट्ट्या जोडल्या की २४३ दिवसांत ग्रहाची एक गोधडी पूर्ण होई. पहिल्या गोधडीत ८३ टक्क्यांहून अधिक भूमी आली. १९९२ च्या सप्टेंबरपर्यंत अशा तीन फेऱ्या झाल्या आणि शुक्राचा ९८ टक्के भाग नकाशावर उतरला.

प्रतिध्वनीचे चित्र कसे होते?

टाळीवरून भिंतीचे अंतर कळते हे आपण पाहिले. पण अंतरावरून चित्र कसे तयार होणार? थोरलीने हाच प्रश्न विचारला होता, आणि तो वाजवी आहे.

रडार सरळ खाली न पाहता एका बाजूस तिरके पाहते. त्यामुळे जवळच्या जमिनीचा प्रतिध्वनी आधी येतो, लांबच्या जमिनीचा मागाहून. वेळ मोजली की कोणता प्रतिध्वनी किती अंतरावरून आला ते समजते. ही झाली पहिली खूण.

दुसरी खूण शिट्टीची. आगगाडी आपल्याकडे येत असता तिच्या शिट्टीचा स्वर चढा वाटतो आणि आपल्याला ओलांडून जाताच तो एकदम उतरतो. रेडिओ-लहरींचेही तसेच होते. यानाच्या पुढे असलेल्या जमिनीवरून येणारा प्रतिध्वनी किंचित चढा, मागे राहिलेल्या जमिनीवरचा किंचित उतरता. ह्या चढउतारावरून पुढचा-मागचा भाग निराळा करता येतो. अंतर आणि चढउतार ही दोन मापे मिळाली म्हणजे नकाशातील जागा ठरली.

तिसरी खूण तेजाची. रात्री ओल्या गुळगुळीत फरशीवर तिरका टॉर्च टाकावा. प्रकाश पलीकडे निसटून जातो आणि फरशी काळी दिसते. तोच टॉर्च खडीवर टाकला तर प्रत्येक खडा थोडा प्रकाश आपल्याकडे परत पाठवितो आणि खडी उजळ दिसते. रडारच्या चित्रातही गुळगुळीत पठारे काळी आणि ओबडधोबड जमीन उजळ येते. त्या चित्रातला काळेपणा सावलीचाच असतो असे नाही, हे पाहणाऱ्याने ध्यानात ठेवावे लागते. हा प्रयोग मुलांनी घरी अवश्य करून पाहावा.

ह्यापुढची युक्ती सर्वांत सुंदर आहे. मॅगेलनच्या लहरी १२.६ सेंटिमीटर लांबीच्या होत्या. एवढ्या लांबीच्या लहरींनी ३०० किलोमीटर उंचीवरून पाहिले असता ३.७ मीटरच्या अँटेनाला दहा किलोमीटरचा एकच ठिपका दिसेल. त्याच्या आतले काहीही उमगणार नाही. शंभर मीटरची वस्तू निराळी दिसावयाची तर सुमारे चारशे मीटर लांबीची अँटेना हवी. तेवढी अँटेना आकाशात नेणार कोण? पण यान चालतच असते. एकाच टेकडीचे प्रतिध्वनी ते वाटेतल्या अनेक ठिकाणांहून ऐकते आणि प्रत्येक नीट नोंदवून ठेवते. मागाहून गणकयंत्र ते सर्व प्रतिध्वनी असे एकत्र करते की जणू तेवढ्या सर्व ठिकाणी एकाच वेळी पसरलेल्या एका लांबलचक अँटेनाने ते ऐकले होते. एकच झेंडा अनेक ठाण्यांवरून पाहून त्याची जागा पक्की करणारा मोजणीदार ह्याहून निराळे काय करतो?

हे मी मामंजींना समजावून सांगू लागले, तेव्हा ते म्हणाले, "सूनबाई, म्हणजे खरे काम वहीचे. ठाण्यावर जे टिपले ते नीट टिपले नसेल, तर मागाहून कोणाचा बाप आला तरी नकाशा जुळायचा नाही."

काय दिसले?

दिसला तो ज्वालामुखींचा प्रदेश. शुक्राची सुमारे ८५ टक्के भूमी थिजलेल्या लाव्ह्याच्या मैदानांनी व्यापलेली आहे. वितळलेल्या खडकाने कोरलेला एक पाट तर ६,८०० किलोमीटर लांब आहे. नाईल नदीपेक्षाही लांब. उत्तरेकडे सुमारे चार किलोमीटर उंचीचे एक विस्तीर्ण पठार आहे आणि त्याच्या कडेला सरासरी पातळीपासून अकरा किलोमीटर उंच गेलेला पर्वत, एव्हरेस्टहूनही उंच. उल्कांच्या आघातांनी झालेली विवरे हजाराच्या आतबाहेर सापडली. चंद्राच्या मानाने ती फारच थोडी. ह्यावरून शास्त्रज्ञांनी असे अनुमान काढले की आज दिसणारी शुक्राची भूमी तुलनेने कोवळी आहे. सुमारे तीस ते साठ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याने जुनी भूमी झाकून टाकली असावी. लहान विवरे तर जवळजवळ नाहीतच, कारण लहान उल्का त्या दाट हवेतच भस्म होतात.

नावे ठेवण्याचे काम

नकाशा तयार झाला की नावे द्यावी लागतात. शुक्रावरील नावांविषयी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचा नियम मोठा गोड आहे: तेथे नावे स्त्रियांची. पर्वत-पठारांना देवतांची आणि पुराणांतील स्त्रियांची, मोठ्या विवरांना दिवंगत कर्तृत्ववान स्त्रियांची, लहान विवरांना जगातल्या साध्यासुध्या मुलींची. अपवाद मोजकेच. तो अकरा किलोमीटरचा पर्वत मॅक्सवेल ह्या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो. रेडिओ-लहरींचे गणित ज्याने मांडले त्याचा तेवढा हक्क आहेच. आणि त्याला लागून असलेले ते विस्तीर्ण पठार? त्याचे नाव लक्ष्मी.

मराठी वाचकांनी ह्या नकाशात आणखी थोडे शोधावे. विषुववृत्ताच्या किंचित उत्तरेस सुमारे ३४ किलोमीटर व्यासाचे एक विवर आहे. त्याचे नाव 'जोशी'. १८६५ साली कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी त्यांचे दहा दिवसांचे बाळ वैद्यकीय मदतीवाचून गेले आणि त्या बाईने डॉक्टर व्हावयाचे ठरविले. १८८६ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फियाला त्यांनी पदवी घेतली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, पुण्यास त्यांचा अंत झाला. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाची नेमणूक त्यांची वाट पाहत राहिली. ज्या विद्येसाठी त्यांनी प्राण वेचले ती चालविण्यास त्यांना आयुष्य पुरले नाही.

त्यांच्या पदवीदानास अगत्याने हजर राहिलेल्या पंडिता रमाबाई. त्यांच्या सासरच्या आडनावाचे, म्हणजे 'मेधावी' नावाचे विवर शुक्राच्या दक्षिण गोलार्धात आहे. आणि तिसरे 'झिराड'. मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख झालेल्या डॉक्टर जेरुशा झिराड ह्या बेने इस्राएल समाजातल्या, म्हणजे कोकणात रुजलेल्या आणि मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातल्या. अलिबागजवळच्या झिराड गावावरून ते आडनाव आले. आनंदीबाईंना जे करावयास मिळाले नाही, ते स्त्रियांच्या वैद्यकसेवेचे काम झिराडबाईंनी दीर्घ आयुष्य लाभल्यामुळे वर्षानुवर्षे केले.

हे वाचून दाखविले तेव्हा थोरली म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखेच. आपण सरोजिनी नगरात, शेजारी लक्ष्मीबाई नगर." खरेच की! दिल्लीतील ह्या वसाहतींना नावे देणाऱ्यांनीही सरोजिनी नायडू आणि झाशीची राणी ह्यांची आठवण ठेवली. पण रोज त्या नावाने पत्ता लिहिताना आपल्यापैकी किती जणांना ती बाई आठवते?

ट्रंकेची गोष्ट

आता ज्या कारणाने हा विषय माझ्या मनात राहून गेला ते सांगते. त्या वर्षी आम्हांला ते क्वार्टर सोडावयाचे होते. २०१६ साली मंजूर झालेल्या पुनर्विकासात सरोजिनी नगरातील जुनी घरे पाडून उंच इमारती उभ्या राहावयाच्या होत्या. कित्येक ओळी आधीच गेल्या होत्या. नवे घर लहान. सामान कमी करणे भाग होते आणि पहिली नजर गेली ती मामंजींच्या लोखंडी ट्रंकेवर. तिच्यात त्यांच्या स्वतःच्या जुन्या टिपणवह्या. कच्चे आराखडे, बांधांची मापे, विहिरी, झाडे, पांदण रस्ते. अधिकृत नोंदी केव्हाच कचेरीत जमा झालेल्या. ह्या नुसत्या त्यांच्या हाताच्या प्रती. यजमानांनी आणि मी ठरविले की ह्या रद्दीत द्याव्या. मामंजी काही बोलले नाहीत. "तुम्हांला अडचण होत असेल तर द्या," एवढेच म्हणाले, आणि त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत.

तेवढ्यात मार्च महिना आला आणि एक बातमी वाचण्यात आली. अमेरिकेतील रॉबर्ट हेरिक आणि स्कॉट हेन्स्ली ह्या दोन शास्त्रज्ञांनी मॅगेलनची तीस वर्षांपूर्वीची चित्रे पुन्हा काढली. 'मात' नावाच्या शुक्रावरील मोठ्या ज्वालामुखीपाशी असलेल्या एका मुखाचे फेब्रुवारी १९९१ मधले चित्र आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधले चित्र त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. पहिल्यात ते मुख जवळजवळ गोल, सुमारे दोन चौरस किलोमीटरचे. दुसऱ्यात ते वेडेवाकडे होऊन जवळजवळ दुप्पट झालेले. आठ महिन्यांत एवढा पालट! शुक्राचे ज्वालामुखी निद्रिस्त नसून जागे असल्याचा असा प्रत्यक्ष पुरावा प्रथमच मिळाला. दोन वेळची चित्रे निरनिराळ्या कोनांतून घेतलेली असल्यामुळे ती ताडून पाहणे अतिशय किचकट होते. डोळ्यांत तेल घालून दोनशेएक तास ती पाहावी लागली. पुढे २०२४ मध्ये इटलीतील संशोधकांनीही त्याच जुन्या संग्रहात ताज्या लाव्ह्याच्या प्रवाहांच्या खुणा शोधून काढल्या.

यान स्वतः केव्हाच गेले होते. १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये, काम संपल्यावर, त्याला मुद्दाम शुक्राच्या वातावरणात उतरविण्यात आले आणि ते तेथेच नाहीसे झाले. वह्या मात्र राहिल्या. कोणीतरी त्या जपून ठेवल्या. एक नकाशा म्हणजे एका वेळची नोंद. पण त्याच जागेचे दोन वेळचे दोन नकाशे असले, तर मधल्या काळात काय घडले ते समजते. पहिला फेकून दिला असता तर दुसऱ्याला काही सांगताच आले नसते.

ती बातमी मी रात्री जेवताना मोठ्याने वाचली. वाचून झाल्यावर कोणी काही बोलले नाही. यजमानांनी उठून ट्रंक पुन्हा आपल्या जागी सरकविली. मामंजी म्हणाले, "आमच्या गावात लॅम्बटनसाहेबाची कबर आहे. हिंदुस्थानची मोजणी १८०२ साली मद्रासेस सुरू केली त्याने, आणि १८२३ मध्ये काम करता करता हिंगणघाटला मेला. मोजणी पुरी झालेली त्याने पाहिली नाही. पण वही पुढच्याच्या हाती दिली." मग दुसऱ्या दिवशी त्यांनी नातीला हाताशी घेऊन आमच्या बागेची रीतसर मोजणी केली. कडुनिंब, जांभूळ, पाण्याचा नळ, मुलांची क्रिकेटची खेळपट्टी, चारी बाजूंची दारे. ती वही त्या ट्रंकेत सर्वांत वर ठेवलेली आहे.

निघावयाच्या दिवसापूर्वी समोरची ओळ पाडून झाली होती. मामंजींनी व्हरांड्यात उभे राहून टाळी वाजविली. ती परत आली नाही. थोरलीने वही उघडली आणि तारीख घालून तेवढेच लिहिले.

आपल्या देशाचे पुढचे पाऊल

ही विद्या आता आपल्याकडे परकी राहिलेली नाही. २००८ साली निघालेल्या चांद्रयान-१ वर अमेरिकेने दिलेले एक छोटे रडार होते. २०१९ मध्ये चंद्राभोवती पोहोचलेल्या चांद्रयान-२ वरचे दोन लांबींच्या लहरींचे रडार अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने स्वतः घडविले. ध्रुवांजवळच्या ज्या विवरांत सूर्याचा किरण कधीच पोहोचत नाही, तेथे पाहण्यास रडारला सूर्याची गरज लागत नाही. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून 'निसार' उपग्रह गेला. अमेरिका आणि भारत ह्यांच्या ह्या जोडकामात १२ मीटर व्यासाची थाळी असून, पृथ्वीवरील बहुतेक सर्व भूमी दर बारा दिवसांत दोनदा टिपावी अशी त्याची योजना आहे. भूकंपाने जमीन किती सरकली, हिमनदी किती हलली, महापुराचे पाणी कुठवर आले, हे ढगांच्या आड आणि रात्रीच्या अंधारातही कळावे, हा त्याचा हेतू. येथेही कामाची किल्ली तीच: कालची नोंद आणि आजची नोंद शेजारी ठेवणे.

आणि शुक्र? १८ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने शुक्राभोवती फिरणाऱ्या भारतीय यानास मंजुरी दिली. त्यासाठी १,२३६ कोटी रुपये ठरविण्यात आले आणि प्रयाणासाठी मार्च २०२८ चा मुहूर्त योजण्यात आला. त्यावर योजिलेल्या उपकरणांत रडारही आहे. ते यान पोहोचेल तेव्हा आनंदीबाईंचे विवर, रमाबाईंचे विवर आणि झिराडबाईंचे विवर भारतीय उपकरणाच्या टापूत येतील अशी आशा आपण बाळगू या. त्या दिवशी मॅगेलनची जुनी गोधडी शेजारी पसरावी लागेल, हे मात्र निश्चित.

वाचकहो, आपल्याही घरी अशी एखादी ट्रंक असेल. आजोबांची रोजनिशी असेल, आजीच्या हिशेबाची वही असेल, पाडलेल्या वाड्याचा कोणी काढलेला आराखडा असेल. तिची किंमत आज कळणार नाही. ती रद्दीत घालण्यापूर्वी घरातल्या एखाद्या मुलीच्या हाती एकदा द्या. आणि शुक्राची चांदणी दिसेल त्या संध्याकाळी मुलांना अंगणात किंवा गच्चीवर नेऊन सांगा, की त्या तेजाच्या आड एक भूमी आहे, तिची मोजणी झालेली आहे, आणि तिच्या नकाशावर कल्याणच्या एका मुलीचे नाव आहे.